आप्तवाक्य आणि माध्यम-साक्षरता

१

कोल्हापुरात पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका वर्गात मोबाइलवरून फिरत आलेला एक संदेश तपासण्यासाठी दिला होता. संदेशाचा मूळ स्रोत कोणता, सोबतचे छायाचित्र कोठले, तारीख कोणती, या मजकुराने कोणाचा लाभ होतो, असे चार-पाच प्रश्न फळ्यावर लिहिले होते. विद्यार्थ्यांनी ते प्रश्न विचारले, उत्तरे शोधली आणि अर्ध्या तासात संदेश खोटा असल्याचे सिद्ध केले. तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, खोटा आहे हे मला काल रात्रीच कळलं होतं. पण तो आमच्या तात्यांनी टाकलाय. त्यांना कोण सांगणार?’ वर्ग हसला आणि तास संपला.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला फळ्यावरच्या यादीत जागा नव्हती. त्याला संहितेचे परीक्षण करता येत होते. रूढ व्याख्येनुसार तो माध्यम-साक्षर होता. तरीही खोटा संदेश त्याच्या घरात तसाच राहिला आणि तो गप्प राहिला. या मौनाचे वर्णन अज्ञान या शब्दाने होत नाही. ते भित्रेपण आहे, असेही सहज म्हणता येणार नाही. कारण त्यात आदर आहे, नाते आहे आणि नाते मोडू नये ही इच्छाही आहे. माध्यम-साक्षरतेची कल्पना पाश्चात्त्य देशांत घडली आणि तेथून इतरत्र गेली. ती आपल्याकडे आली असता तिला या मौनाचा विचार करता येतो काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. वरवर पाहता तो शिक्षणशास्त्राचा प्रश्न वाटेल. माझ्या मते तो मूलतः नैतिक आहे, आणि संहिता, वाचक व अन्वयार्थ यांच्या संबंधांविषयी असल्यामुळे समीक्षेच्याही कक्षेत येतो.

२

या कल्पनेचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९३३ मध्ये एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्प्सन यांनी इंग्लंडमधील शालेय अध्यापनासाठी ‘कल्चर अँड एन्व्हायर्नमेंट’ हे पुस्तक लिहिले. जाहिरात आणि लोकप्रिय छापील मजकूर यांच्या प्रभावाला विरोध करण्याइतकी विवेचक रसिकता विद्यार्थ्यांत निर्माण व्हावी, हा त्यामागील हेतू होता. साहित्यसमीक्षेच्या पोटातूनच माध्यमशिक्षणाचा हा पहिला विचार निघाला, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. पुढे स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ च्या संकेतन-विसंकेतनविषयक निबंधात वाचकाच्या तीन भूमिका मांडल्या. संदेशातील प्रभावी अर्थ स्वीकारणारी पहिली, त्याच्याशी तडजोड करणारी दुसरी आणि त्याला विरोध करणारी तिसरी. १९८२ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने माध्यमशिक्षणाविषयीचा ग्रुनवाल्ड जाहीरनामा निघाला. लेन मास्टरमन यांनी १९८५ च्या ‘टीचिंग द मीडिया’ या ग्रंथात चिकित्सक स्वायत्तता हे माध्यमशिक्षणाचे ध्येय ठरवले. माध्यमे हे वास्तवाचे प्रतिबिंब नसून वास्तवाची रचना असते, हे ज्याला कळले आणि शिक्षक जवळ नसतानाही जो हे ओळखू शकतो, तो स्वायत्त वाचक होय.

या विचारांत परस्परविरोध आहेत, परंतु दोन गृहीतके समान आहेत. पहिले असे की वाचक एकटा आहे. त्याच्यासमोर संहिता आहे आणि त्या दोहोंमध्ये तिसरे कोणी नाही. दुसरे असे की संहिता दुरून येते. वृत्तपत्र, जाहिरातसंस्था, चित्रपटगृह, दूरचित्रवाणीचे जाळे अशा एखाद्या संस्थेने ती निर्माण केलेली असते आणि त्या संस्थेशी वाचकाचा स्नेहसंबंध नसतो. म्हणून संशय हा या विचारात निर्धोक सद्गुण ठरतो. दूरच्या संस्थेवर संशय घेतल्याने कोणाचे मन दुखावत नाही, घरातली पंगत मोडत नाही.

ही कल्पना पाश्चात्त्येतर देशांत गेली तेव्हा तिचे काय झाले? लॅटिन अमेरिकेत तिची गाठ पाउलो फ्रेरी यांच्या संवादकेंद्री शिक्षणविचाराशी पडली आणि तिचे रूप पुष्कळच बदलले. त्याचा उल्लेख पुढे येईल. भारतात गास्तों रॉबेर्ज यांनी १९७० मध्ये कोलकात्यात स्थापन केलेली ‘चित्रबाणी’, नाशिकची ‘अभिव्यक्ती’ यांसारख्या संस्थांनी माध्यमशिक्षणाचे प्रयत्न केले. २०१८ मध्ये केरळातील कन्नूर जिल्ह्यात शासकीय शाळांमधून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेण्यात आले. मात्र सर्वसाधारणपणे आपल्याकडे जे पोहोचले ते कल्पनेचे सर्वांत सुटसुटीत रूप होते, म्हणजे तपासणीची यादी. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतीय वृत्तपत्रांत जाहिराती देऊन खोटी माहिती ओळखण्याच्या सूचना छापल्या. साक्षरता येथे सूचनापत्रकाच्या रूपाने आली.

या सूचनापत्रकांचा परिणाम काय होतो, याविषयी एक प्रयोग लक्षणीय आहे. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये घरोघरी जाऊन सुमारे तासाभराचे प्रशिक्षण दिले. खोटी बातमी ओळखण्याच्या क्षमतेवर त्याचा सरासरी परिणाम आढळला नाही, हा निष्कर्ष त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. यावरून ग्रामीण श्रोता शिकू शकत नाही, असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. जे शिकवले गेले ते त्याच्या अडचणीचे उत्तर होते काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

‘साक्षरता’ या शब्दाविषयीही येथेच एक शंका नोंदवतो. मराठीत साक्षर-निरक्षर ही जोडी केवळ वर्णनपर नाही. तिच्यामागे प्रौढशिक्षणाच्या मोहिमा आहेत, अंगठा उठवण्याची लाज आहे, ‘अंगठेबहाद्दर’ हा तुच्छतेचा शब्द आहे. ‘माध्यम-साक्षरता’ म्हणताच एक बाजू देणाऱ्याची आणि दुसरी उणिवेची ठरून जाते. प्रत्यक्षात खोटे संदेश पुढे पाठवणाऱ्यांत निवृत्त अधिकारी, शिक्षक, अभियंते यांची वाण नाही. उणीव अक्षरांची असती तर हे घडते ना.

३

त्या विद्यार्थ्याच्या अडचणीसाठी आपल्या परंपरेत एक नेमका शब्द आहे. तो म्हणजे ‘आप्त’.

न्यायदर्शनाने शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले आणि आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण, अशी त्याची व्याख्या केली. आप्त कोणाला म्हणावे याचे विवेचन वात्स्यायनाच्या भाष्यात आहे. ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान झाले आहे आणि जशी ती कळली तशीच ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही भाष्यकार सांगतो. म्हणजे आप्तता ही जन्माने किंवा नात्याने येणारी गोष्ट नव्हे. ज्ञान आणि यथार्थ सांगण्याची इच्छा या दोन अटी पूर्ण झाल्या की परका माणूसही आप्त ठरतो.

मराठीत या शब्दाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. संस्कृतातही ‘आप्त’ या शब्दाला स्वकीय हा अर्थ आहे; परंतु मराठी व्यवहारात त्याने दुसऱ्या अर्थाला जवळजवळ हद्दपार केले. लग्नपत्रिकेतील आप्तेष्ट, रुग्णालयाबाहेर ताटकळणारे आप्त, मृत्यूच्या बातमीतील आप्तपरिवार, या सर्वांचा प्रमाणविचाराशी काही संबंध उरलेला नाही. विश्वसनीय वक्ता आणि नात्यातला माणूस हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात, आणि आपल्या मनातही ते एकमेकांत मिसळून जातात.

कुटुंबाच्या गटावर आलेला संदेश नेमका या मिसळणीवर चालतो. तो आप्ताकडून येतो, म्हणजे नातलगाकडून. आणि आप्तवाक्य म्हणून स्वीकारला जातो, म्हणजे प्रमाण म्हणून. अधिक बारकाईने पाहिले तर असे दिसेल की वात्स्यायनाच्या दोन अटींपैकी दुसरी अट नातलग बहुधा पूर्ण करतो. त्याच्या मनात आपल्याविषयी हितबुद्धी असते. मुले पळवणारी टोळी आली आहे असा संदेश पाठवणारी मावशी खोटे बोलू इच्छीत नाही. तिला भाच्यांची काळजी असते. तिच्यापाशी नसते ते साक्षात ज्ञान. एका अटीच्या पूर्ततेवरून आपण दुसरीही पूर्ण झाली असे धरून चालतो. मायेला ज्ञानाचा पुरावा मानतो.

शिवाय पुढे पाठवणारा हा खऱ्या अर्थाने वक्ताही नसतो. ‘जसा आला तसा पाठवत आहे’ हे वाक्य आपल्या परिचयाचे आहे. त्यात संदेशाचा स्वीकार आहे आणि जबाबदारीचा नकारही आहे. न्यायदर्शनातील आप्ताला निदान उलट प्रश्न विचारता येतो, कारण तो स्वतः काहीतरी सांगत असतो. येथे साखळीतील प्रत्येक जण केवळ वाहक असतो, आणि म्हणून ज्याला लबाड म्हणावे असा कोणी साखळीत सापडत नाही. फसवणूक आहे, पण फसवणारा हाती लागत नाही. नैतिक विचाराला हा प्रकार नवा आहे. दूरच्या संस्थेच्या हेतूविषयी संशय घ्यायला शिकवणारी साक्षरता अशा वेळी निरुपयोगी ठरते, कारण मावशीचा हेतू शुद्धच असतो.

४

या विवेचनावर असा आक्षेप येईल की संशय ही पाश्चात्त्य वस्तू आणि विश्वास ही देशी, अशी वाटणी येथे केली जात आहे. तसे करण्याचा माझा हेतू नाही. देशीवादाच्या चर्चेत अशी सोपी वाटणी पुष्कळदा होते. परंतु कोल्हापूरच्या इतिहासाकडे पाहणाऱ्याला ती टिकवता येणार नाही.

१८९९ च्या कार्तिक महिन्यातील पंचगंगेवरील प्रसंग सर्वपरिचित आहे. शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता, आणि ही गोष्ट सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या लक्षात आणून दिली. या प्रसंगाचे सामाजिक आणि राजकीय महत्त्व पुष्कळांनी सांगितले आहे. येथे त्याकडे श्रवणाचा प्रसंग म्हणून पाहावयाचे आहे. छत्रपती मंत्र ऐकत होते, परंतु ती कोणती संहिता आहे आणि ती म्हणण्याने आपले स्थान कोणते ठरते आहे, हे ऐकणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती. मंत्र म्हणणारा परका नव्हता, घराण्याचा आश्रितच होता. राज्यकर्ता आणि सुशिक्षित असूनही ऐकणाऱ्याला स्वतःच्या बळावर हे उमगले नाही. शेजारी उभ्या असलेल्या जाणत्याने सांगितले तेव्हा उमगले. आणि तो जाणता स्वतः ब्राह्मण होता, म्हणजे ज्या वर्गाच्या अधिकाराचा प्रश्न होता त्याच वर्गातला. आपल्या माणसांत राहून आपल्या माणसांच्या बोलण्याविषयी खरे सांगणे काय असते, याचे हे उदाहरण आहे. एका वाक्याचा परिणाम वेदोक्त प्रकरणाच्या रूपाने अनेक वर्षे चालला. १९०१ मध्ये ‘केसरी’ने अग्रलेखांतून वेदोक्ताच्या मागणीला ‘खूळ’ ठरवले. पुढे कोल्हापुरात १९११ मध्ये सत्यशोधक समाजाची शाखा स्थापन झाली, आणि १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेल्या ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अर्थसाहाय्य केले. अर्थ लावण्याचा अधिकार आणि बोलण्याचे साधन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येत नाहीत, हे त्या पिढीला पुरते कळले होते.

याआधी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी हा त्याचा विषय. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही आणि पुढे शतकाहून अधिक काळ ते अप्रकाशित राहिले. या नाटकातील विदूषकाचे कार्य माध्यमविचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. जोशाचे बोलणे चालू असतानाच तो त्यावर भाष्य करतो. बोलणे आणि त्यामागचा व्यवहार प्रेक्षकांसमोर शेजारी-शेजारी मांडतो. तो प्रेक्षकाच्या वतीने प्रश्न विचारतो आणि प्रश्न विचारता येतो हे दाखवतो. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाची ओळखीची रचना उचलून हेच कार्य गावोगाव केले. ज्या घाटात लोक आनंदाने ऐकत होते, त्याच घाटात ऐकण्याची चिकित्सा बसवली.

तात्पर्य, चिकित्सेची परंपरा आपल्याकडे आहे. तिची घडण मात्र निराळी आहे. मास्टरमन यांचा वाचक शिक्षक नसतानाही एकट्याने संहितेला सामोरा जातो. पंचगंगेवरील श्रोता आणि फुल्यांचा प्रेक्षक यांच्या शेजारी कोणीतरी आहे. अर्थाची फोड संगतीत होते.

५

या निराळ्या घडणीचा एक प्रत्यक्ष प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला आहे आणि माध्यम-साक्षरतेच्या चर्चेत तो आठवला जात नाही, याचे आश्चर्य वाटते. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीच्या श्रोतृमंडळांची चळवळ चालू होती. तिचे घोषवाक्य चार क्रियापदांचे होते: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. युनेस्कोच्या साहाय्याने ही कल्पना भारतात आली आणि १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून तिचा प्रयोग झाला. त्यासाठी तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावे निवडली होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गावातील सुमारे वीस जण एकत्र बसून तो ऐकत, मग चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे पाठवले जात. पुढील कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने प्रयोगाचे मूल्यमापन केले. जे. सी. माथूर आणि पॉल न्यूराथ यांनी लिहिलेला त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या गावांत नुसता रेडिओ होता त्यांच्या तुलनेत जेथे श्रोतृमंडळ होते तेथील लोकांच्या माहितीत कितीतरी अधिक भर पडली, असे त्यात दिसून आले.

भारतात येताना घोषवाक्यातील पहिले क्रियापद गळाले. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ एवढेच उरले. हा बदल निरक्षरतेपुढील तडजोड म्हणून समजून घेता येतो. परंतु त्याने कल्पनेचा पायाच हलवला, असे मला वाटते. वाचणारा एकटा वाचू शकतो. श्रोतृमंडळाला एकट्याने ऐकता येत नाही. अक्षरावाचून विवेक संभवतो काय, या प्रश्नाचे एक उत्तर त्या दीडशे गावांनी दिले. श्रवण, मनन आणि निदिध्यासन ही औपनिषदिक त्रयी येथे आठवणे स्वाभाविक आहे. तथापि त्या परंपरेचा गौरव करताना श्रवणाचा अधिकारच कित्येकांना नाकारला होता, हे विसरता कामा नये. श्रोतृमंडळाची खरी नवलाई अशी की ज्यांना ऐकण्याचा अधिकार नव्हता त्यांच्या वारसांना ऐकण्याबरोबर उलट विचारण्याचाही अधिकार त्याने तत्त्वतः दिला.

लॅटिन अमेरिकेत मारिओ काप्लून यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उरुग्वेतील शेतकरी सहकारी गटांसाठी जी ‘कॅसेट-फोरो’ ही पद्धत बसवली, तिच्यातही हेच तत्त्व आहे. गटाने एकत्र बसून कॅसेटची एक बाजू ऐकायची, चर्चा करायची आणि दुसऱ्या बाजूवर आपले उत्तर ध्वनिमुद्रित करून परत पाठवायचे. परस्परांचा संबंध नसलेल्या दोन प्रदेशांत, दोन वेगळ्या दशकांत, माध्यमविचाराचे रूपांतर एकाच दिशेने झाले. एकटा वाचक मागे पडला. ऐकणारा गट आणि उत्तराची रिकामी बाजू पुढे आली.

अर्थात १९५६ च्या प्रयोगाच्या मर्यादा उघड आहेत. शेती, आरोग्य, साक्षरता, गावाचा कारभार हे विषय विकासयोजनेच्या चौकटीतून आलेले होते. ही सुधारणा कशी करावी, असे विचारता येत होते. ती करावीच काय आणि कोणासाठी, हे विचारण्यास तेवढी मोकळीक नव्हती. परंतु उत्तर देणे हा वक्त्याच्या कर्तव्याचा भाग आहे, हे तत्त्व त्या मर्यादित चौकटीतही मान्य झाले होते.

६

सामूहिक श्रवणाचा हा पुरस्कार ऐकून वाचकाच्या मनात एक शंका आलीच असेल, आणि ती सर्वांत गंभीर आहे. जमावही एकत्र ऐकतो, एकत्र बोलतो आणि एकत्र कृती करतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी मुले पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारण्यात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले भिक्षेकरी होते. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या अफवांची पार्श्वभूमी या घटनेला होती. तेथेही माणसे एकत्र होती आणि त्यांच्यातही परस्परविश्वास होता. आप्तांचा शब्द प्रमाण मानून त्यांनी परक्यांना अपराधी ठरवले. वात्स्यायनाचे लक्षण तेथे नेमके उलटे झाले होते. जो आपला तो खरा आणि जो फिरस्ता तो खोटा. पिढ्यान्पिढ्या गावोगाव हिंडून गात, बोलत भिक्षा मागणाऱ्यांचा शब्द कोणी ऐकला नाही.

या घटनेत निदान अफवा खोटी होती. तपासणीच्या यादीने तिचा खोटेपणा सिद्ध होऊ शकला असता. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये जे घडले ते त्याहून अवघड आहे. काही तरुणांनी मोबाइलवर ठेवलेल्या, औरंगजेब व टिपू सुलतान यांच्यासंबंधीच्या आक्षेपार्ह मानल्या गेलेल्या स्टेटसवरून ७ जून रोजी शहरात बंद पुकारण्यात आला. शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट सेवा बंद करावी लागली. येथे पडताळणीने काय साधले असते? स्टेटस ठेवले गेले होते, ते बनावट ठरवण्याचा प्रश्न नव्हता. चूक अन्वयार्थाची होती. काही व्यक्तींच्या विधानाचा कर्ता म्हणून संपूर्ण समाज गृहीत धरला गेला; मजकुराचा अर्थ त्याच्या लेखकावरून लावण्याऐवजी त्याच्या धर्मावरून लावला गेला, आणि ज्यांनी तो लिहिला नव्हता त्यांच्या दुकानांनी त्याचे उत्तर द्यावे असे ठरले. विधान कोणाचे आणि ते कोणाच्या नावावर मांडावयाचे, हा साहित्यसमीक्षेतील जुना प्रश्न. तेथे तो चुकला तर फार तर परीक्षण चुकते. येथे काचा फुटल्या. ज्या शहराने वेदोक्ताच्या निमित्ताने संहितेविषयी कोण बोलतो आणि कोणाविषयी बोलतो हा प्रश्न विचारला होता, त्याच शहरात एका दुपारी तो प्रश्न कोणालाही विचारावासा वाटला नाही, ही गोष्ट येथे राहणाऱ्याला अस्वस्थ करते.

मग श्रोतृमंडळ आणि जमाव यांत भेद कोणता? दोहोंतही माणसे असतात, ऐकणे असते, कृती असते. माझ्या मते भेद मधल्या पायरीत आहे. श्रोतृमंडळात ऐकणे आणि कृती यांच्यामध्ये प्रश्न असतो आणि त्याच्या उत्तरासाठी थांबणे असते. केंद्रावरून उत्तर यायला काही दिवस लागत आणि गाव तेवढे थांबत असे. जमावाला वाट पाहता येत नाही. वाट पाहू लागला की तो जमाव राहत नाही. दुसरा भेद असा की श्रोतृमंडळात शंका घेणारा मंडळाचाच सदस्य राहतो. जमावात शंका घेणारा तत्क्षणी परका होतो.

७

आता पुन्हा त्या विद्यार्थ्याकडे येतो. त्याच्या घरात जमाव नव्हता. परंतु शंका घेणाऱ्याला आपलेपणाची किंमत मोजावी लागेल, हे भय तेथेही होतेच. जमावाचे मूळ अशा लहान भयांत असते, असे म्हणण्यास हरकत नाही. घरी जो गप्प बसायला शिकतो, तो चौकात बोलेल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

त्याला काय सांगावे? खोट्याचा प्रतिकार हे तुझे कर्तव्य आहे, असे सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. किंमत त्याने मोजायची आणि उपदेश आपण करायचा, असा तो व्यवहार होईल. उलट वडीलधाऱ्यांचा मान राखण्यासाठी गप्प बस, असेही म्हणता येत नाही, कारण राईनपाड्याला पोहोचलेले संदेश अशाच कित्येक सभ्य मौनांमधून पुढे गेले असतील. न्यायदर्शनाचे लक्षण येथे उपयोगी पडते. तात्यांच्या हितबुद्धीविषयी शंका न घेता त्यांच्या ज्ञानाविषयी विचारता येते. ‘तात्या, हे तुम्हाला कुठून कळलं?’ या प्रश्नात अवमान नाही. किंबहुना त्यात तात्यांना वाहकाच्या भूमिकेतून उचलून वक्त्याच्या आसनावर बसवण्याचा मान आहे. तुम्ही सांगता म्हणजे तुम्हाला ठाऊक असणार, असा विश्वास त्यात आहे. आप्ताने आप्त असावे, अशी ती मागणी आहे. तात्या रागावणार नाहीत याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण रागाच्या भयाने हा प्रश्न न विचारणे म्हणजे त्यांना खऱ्या अर्थाने आप्त न मानणेच होय.

परंतु हा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकून आपण मोकळे झालो, तर पाश्चात्त्य कल्पनेतील एकटा वाचकच पुन्हा उभा केला असे होईल. राजारामशास्त्र्यांचे वाक्य घाटावर ऐकून घेतले गेले, कारण ऐकणारा ते ऐकण्यास तयार होता. श्रोतृमंडळातील प्रश्नाला उत्तर मिळे, कारण कोणीतरी उत्तर देण्यास बांधलेला होता. विचारणाऱ्याच्या धैर्याइतकीच ऐकून घेणाऱ्याची तयारी हीसुद्धा माध्यमविवेकाची अट आहे, आणि आपले सारे शिक्षण पहिल्या गोष्टीकडेच लागलेले आहे. तपासणीच्या याद्या तरुणांसाठी छापल्या जातात. वडीलधाऱ्यांनी, संपादकांनी, प्राध्यापकांनी, नेत्यांनी ‘मला कुठून कळले’ हे सांगण्याची आणि ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची सवय लावून घ्यावी, यासाठी अभ्यासक्रम नाही.

त्यानंतरच्या वर्षी त्याच वर्गात फळ्यावरच्या यादीत एक प्रश्न वाढवला: ‘हे ज्याने पाठवले त्याला तुम्ही विचारू शकता काय? नसल्यास, का?’ त्या दिवशी संदेश खरा की खोटा हे ठरले नाही. तास त्या दुसऱ्या शब्दावरच संपला. जाताना एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मघाशी तुम्ही जे उदाहरण दिलंत, ते तुम्हाला कुठून कळलं?’ मला क्षणभर आठवावे लागले.